जुनेराची जन्मांतरे

शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला आमच्या फळ्यावर 'टाकाऊतून टिकाऊ' ही अक्षरे रंगीत खडूने लिहिलेली असत आणि त्या अक्षरांच्या आज्ञेवरून आम्ही मुले करवंटीची फुलदाणी, काड्यापेट्यांचे कपाट आणि फुटक्या बांगड्यांची तोरणे असा बराचसा निरुपयोगी माल मोठ्या उत्साहाने निर्माण करीत असू. हा माल घरी नेला म्हणजे आजी तो एकवार हातात घेऊन उलटसुलट पाही आणि फारसा भाव न दाखवता म्हणे, ''करवंटी चांगली होती रे. डाव झाला असता तिचा.''

त्या शेऱ्यातील मर्म ध्यानात यायला मला पुढे पुष्कळ वर्षे लागली. 'टाकाऊ' हा शब्दच मुळी तिच्या व्यवहारात नव्हता. वस्तू टाकाऊ ठरते ती ती टाकून देण्याची ऐपत अंगी आल्यावर. आणि ज्या घराला ती ऐपत नव्हती, त्या घराच्या कारभारात एखादी वस्तू एका कामावरून उतरली म्हणजे तिची दुसऱ्या कामावर बदली होई, क्वचित बढतीही मिळे, परंतु बडतर्फी म्हणून काही नसे. १९९४ च्या सुमारास रायनर पिल्झ या जर्मन अभियंत्याने 'अपसायकलिंग' ही संज्ञा वापरली ती पाडलेल्या इमारतींच्या धड विटांचा चुरा होताना पाहून. जुन्या वस्तूचा भुगा करून तिच्यापासून हलक्या प्रतीची वस्तू बनवणे हे तिचे अधोगमन होय, जुन्याचे मोल उतरता कामा नये, चढले पाहिजे, असे त्याचे म्हणणे. हा विचार निःसंशय चांगला आहे. तथापि आमच्याकडील जुन्या गृहव्यवस्थेस तो लावून पाहू गेल्यास मोजमापाचीच पंचाईत होते. कारण तिथे वस्तूचे मोल चढले की उतरले याचा हिशेब कोणी मांडीतच नसे, ती पुढे काय होणार एवढेच पाहिले जाई.

याचा उत्तम पुरावा भाषेत आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश प्रथम १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली दुसरी आवृत्ती झाली. तो कोश एखाद्या दुपारी सहज चाळीत बसावे, तर वस्त्राच्या वार्धक्यासाठी मराठीने किती शब्द राखून ठेवले आहेत हे पाहून माणूस चकित होतो. जुनेर, धडपा, पटकूर, लक्तर, चिरगूट, फडके, चिंधी, बोळा, पोतेरे, हे शब्द वरवर पाहता एकमेकांचे पर्याय वाटतात. परंतु ज्या बाईने ते आयुष्यभर वापरले तिने जुनेराला कधी चिंधी म्हटले नाही आणि फडक्याला पोतेरे म्हटले नाही. जुनेर म्हणजे जे जुने झाले पण अजून अंगावर घेता येते ते. चिरगूट म्हणजे ज्याची नेसण्याची पात्रता संपली पण बांधण्या-गुंडाळण्याची आहे ते. फडके पुसण्याचे, पोतेरे सारवण्याचे, आणि बोळा कशाच्या तरी तोंडात कोंबण्याचा. सरकारी नोकरीतील हुद्द्यांप्रमाणे या शब्दांत एक श्रेणी आहे, आणि प्रत्येक हुद्द्याचे काम ठरलेले आहे.

नऊवारी लुगड्याच्या चाकरीचा तपशीलच पाहा. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरांच्या आसपास भरणारे हे वस्त्र सर्वत्र सारखे झिजत नाही. पदर आणि काठ शाबूत असतानाच, जो भाग बसण्या-उठण्यात घासतो तो आधी विरतो. असे झाले म्हणजे लुगड्यास 'दंड' घालीत. विरलेला पट्टा कापून काढायचा आणि उरलेली दोन धड टोके एकमेकांस जोडून बारीक, चपटी शिवण घालायची, ही ती क्रिया. किंवा दोन लुगडी अर्धीमुर्धी फाटली असली तर एकाचे धड अंग दुसऱ्याच्या धड अंगास जोडून एक लुगडे उभे करायचे. दंडाचे लुगडे नेसणे ही गरिबीची खूण होती खरी, पण तो दंड नेसल्यावर निऱ्यांत कुठे लपवायचा हे कौशल्य होते, आणि शेजारणीच्या लुगड्याला दंड आहे की नाही हे न दिसता ओळखणे हे त्याहून मोठे कौशल्य होते. दंडही फाटला म्हणजे लुगड्याचा धडपा होई, तो घरात कामाला नेसायचा. मग त्यातल्या मऊ झालेल्या भागाची बाळंतिणीच्या खोलीत रवानगी होई. दुपटी, कुंची, झबली, लंगोट हे सारे जुन्या कापडाचे, कारण नव्या कापडातील खळ आणि त्याचा करकरीतपणा तान्ह्याच्या अंगाला सोसत नाही. त्यानंतर गोधडीची पाळी. गोधडीच्याही कामाचे जे नसेल त्याची डोक्यावर हंडा-कळशी ठेवण्यासाठी चुंबळ होई, चुलीवरून भांडे उतरवायचे फडके होई, शेणाच्या सारवणाचे पोतेरे होई. आणि अगदी शेवटी एखादी स्वच्छ चिंधी पिळून, तेलात भिजवून तिचा काकडा होई आणि पहाटे देवापुढे जळे. ज्या वस्त्राचा जन्म मागावर झाला त्याचा अंत आरतीत व्हावा, याहून सन्मानाची सेवानिवृत्ती कोणत्या कारकुनाला मिळाली असेल?

ही श्रेणी केवळ आपल्या आज्यांची नव्हे. तिचा एक फार जुना आणि फार सुंदर लेख पाली विनयपिटकातील चुल्लवग्गात आहे. बुद्धाच्या परिनिर्वाणानंतर आनंद कौशांबीस गेला असता उदयन राजाच्या अंतःपुरातील स्त्रियांनी त्याचा उपदेश ऐकून त्यास ५०० उत्तरीये दान केली. राजाला हे रुचले नाही. इतक्या वस्त्रांचे हा श्रमण करणार काय, कापडाचे दुकान मांडणार की काय, अशा शंकेने तो स्वतः आनंदाकडे गेला आणि त्याने एकामागून एक प्रश्न विचारले. आनंद म्हणाला, ज्या भिक्षूंची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांस ही वाटून देऊ. मग जुन्या चीवरांचे काय? त्यांची अंथरुणावरची आच्छादने करू. जुन्या आच्छादनांचे? गाद्यांची खोळ करू. जुन्या खोळींचे? जमिनीवर पसरू. तीही झिजून गेल्यावर? पायपुसणी करू; आणि जुन्या पायपुसण्यांची धूळ झाडण्याची फडकी. आणि ती फडकीही फाटली म्हणजे? ती कुटून चिखलात कालवू आणि त्या गाऱ्याने जमीन लिंपून काढू. राजा इतका प्रसन्न झाला की त्याने आणखी ५०० वस्त्रे दिली. या कथेत मला सर्वांत आवडतो तो राजा. कारण जमाखर्चाचा संशय घेऊन आलेला हा मनुष्य चोख हिशेब मिळताच विरघळला. एखाद्या कसलेल्या फडणिसालाही या फर्दीत बोट ठेवायला जागा सापडली नसती.

भिक्षूंचे चीवर तर आरंभापासूनच ठिगळांचे. मगधातील बांध घातलेली, पट्ट्यापट्ट्यांनी व चौकोनांनी विभागलेली शेते पाहून तशी चीवरे शिवता येतील काय, असे बुद्धाने आनंदास विचारले आणि आनंदाने तशी बेतून दाखवली, असे महावग्गात सांगितले आहे. वस्त्राचे तुकडे केले म्हणजे त्याला बाजारात मोल राहत नाही, चोरालाही त्याचा लोभ वाटत नाही. आणि तेच तुकडे विचाराने जोडले म्हणजे त्यात भाताच्या खाचरांची शोभा येते. पुढे ही कल्पना भारतीय वैराग्याच्या अंगीच जडली. संस्कृत 'कन्था' म्हणजे ठिगळांचे वस्त्र. नाथपंथी जोग्याची कंथा तीच आणि बंगालची कांथाही तीच. आमच्याकडे विसाव्या शतकापर्यंत ही परंपरा चालत आली ती गाडगेबाबांच्या (१८७६–१९५६) रूपाने. अंगावर चिंध्यांचे वस्त्र आणि हातात मडक्याचे खापर घेऊन गावोगाव झाडू मारीत हिंडणाऱ्या या सत्पुरुषाला लोक 'गोधडे महाराज' म्हणत, हे नाव 'गाडगेबाबा'पेक्षा कमी प्रसिद्ध असले तरी माझ्या मते अधिक बोलके आहे.

आता प्रत्यक्ष गोधडी. कोल्हापूर-सांगलीकडे आणि मराठवाड्यात पुष्कळ ठिकाणी ती 'वाकळ' होते, कर्नाटकच्या सीमेवर 'कौदी' होते, आणि पुण्या-नाशकाकडे व शहरांत 'गोधडी'. सुगी आटोपली, ऊन कडक झाले, दुपारी घरात बसून करण्यासारखे काम उरले नाही, म्हणजे गोधड्यांचा हंगाम सुरू होई. आधी जुनी लुगडी, धोतरे, सदरे सोड्याच्या गरम पाण्यात खळखळून उकळायची आणि उन्हात कडकडीत वाळवायची. सदऱ्याच्या बाह्या उसवायच्या, गुंड्या काढून डब्यात ठेवायच्या (त्या डब्याची स्वतंत्र बखर लिहिता येईल), शिवणी सोडवून कापड सपाट करायचे. सारवलेल्या जमिनीवर तळाचे लुगडे तणाव देऊन पसरायचे आणि चारी कोपऱ्यांवर वरवंटा, दगड, पाटा असे जे हाती येईल ते ठेवायचे. त्यावर मधले थर. मधल्या थरात काय जाते हे कोणी कोणाला विचारीत नाही. अगदी विरलेले, डागाळलेले, ज्याचे रूप बिघडले आहे पण ज्यात धागा शिल्लक आहे असे सगळे इथे बिनतक्रार सामावून जाते. सर्वांत वर चांगले दिसणारे लुगडे, नाहीतर रंगीत तुकड्यांची जुळणी. काठ दुमडून कडेला गोट लावायचा, मोठ्या टाक्यांनी टाचून घ्यायचे, आणि मग खरी शिलाई.

ही शिलाई म्हणजे साधा धावदोरा. यापेक्षा सोपा टाका सुईला येत नाही. परंतु कडेपासून आरंभ करून चारी बाजूंनी फिरत फिरत आत यायचे, एका ओळीपासून दुसरी ओळ दोन बोटांवर ठेवायची आणि शेवटी मधोमध येऊन थांबायचे, असे ज्या वेळी कित्येक हात लांबीचे वस्त्र शिवले जाते त्या वेळी त्या साध्या टाक्याचे एक निराळेच नक्षीकाम उमटते. शिवणारी त्या गोधडीवरच बसलेली असते. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला दुसरी, मध्ये गावच्या बातम्या. टाके सारखे पडले की नाहीत यावरून त्या दुपारी कोणती बातमी निघाली होती हे ओळखता येते, असे माझी आत्या म्हणत असे, आणि तिच्या गोधडीत एका ठिकाणी सलग वीतभर टाके इतके लांब लांब पडले होते की तिथे नेमके काय कानावर आले होते, हे विचारण्याचे धैर्य आम्हाला कधी झाले नाही.

धावदोऱ्याचे काम केवळ थर धरून ठेवण्याचे नाही. थंडी अडवते ती कापडाने नव्हे, तर कापडात कोंडलेल्या हवेने. हवा स्थिर असली म्हणजे उष्णता सहजासहजी पार जाऊ देत नाही. एकाच जाड कापडापेक्षा अनेक पातळ थर एकावर एक घातले म्हणजे त्यांच्या मधोमध हवेचे पापुद्रे राहतात, आणि टाक्यांच्या ओळी त्या पापुद्र्यांना लहान लहान कप्प्यांत बांधून टाकतात; त्यामुळे थर सरकत नाहीत आणि हवा इकडून तिकडे पळत नाही. त्यात वस्त्र जुने सुती असले म्हणजे दुहेरी लाभ. शंभर वेळा धुतलेल्या सुतातील खळ निघून गेलेली असते, पीळ सैल पडलेला असतो, तंतूंची टोके मोकळी होऊन त्यावर एक अदृश्य लव आलेली असते; गोधडीचा जो मऊपणा आपण आजीच्या मायेच्या खाती जमा करतो त्यातील निदान निम्मा या लवेचा आहे. म्हणूनच पॉलिएस्टरच्या साड्यांची गोधडी ही एक फसवणूक ठरते. तो धागा घाम शोषीत नाही, थर एकमेकांवर घसरतात, सुई कचरते, आणि रात्री अंगावर घेतलेले पांघरूण सकाळी पलंगाखाली सापडते.

या कलेची भावंडे उपखंडभर पसरलेली आहेत. बंगालच्या कांथेत जुन्या साडीच्या काठाचेच रंगीत धागे उसवून काढून त्यांनी चित्रे भरीत. बिहारात सुजनी, सिंध-कच्छात रल्ली. परंतु आम्हा मराठी-कोंकणी मुलखाशी जिचे रक्ताचे नाते आहे अशी एक भगिनी उत्तर कर्नाटकच्या जंगलात राहते आणि तिची ओळख आपल्यास फार थोडी आहे. यल्लापूर, हल्याळच्या परिसरात सिद्दी लोकांची वस्ती आहे. पोर्तुगीज अंमलात आफ्रिकेतून गोव्यात गुलाम म्हणून आणलेल्या माणसांपैकी जे निसटून घाटावरच्या रानात शिरले, त्यांचे हे वंशज होत. त्यांच्या बोलीत आजही कोंकणीचा अंश आहे. त्यांच्या बायका शिवतात ती 'कवंडी'. एका कोपऱ्यापासून आरंभ करून कडेकडेने, एकावर एक तुकडे चढवीत त्या मध्याकडे येतात, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या चिंध्यांची 'फुला' बसवल्याशिवाय कवंडी पुरी झाली असे मानीत नाहीत. फुलाविना कवंडी उघडीनागडी. रंगांची जी बेधडक मांडणी त्या कवंड्यांत दिसते ती पाहून मोठमोठी संग्रहालये आता त्यांना भिंतीवर टांगू लागली आहेत. माझ्या मते तिची जागा भिंतीवर नाही, परंतु शिवणारीला त्यातून चार पैसे मिळत असतील तर भिंतीबद्दल तक्रार करणारा मी कोण?

चिंध्यांचा इतिहासावरील हक्क मात्र सहसा कोणी मान्य करीत नाही. घोड्याच्या पाठीवर टाकायचे खोगीर फुगीर करण्यासाठी त्यात हाती लागेल ती चिंधी कोंबीत; त्यावरून 'खोगीरभरती' हा शब्द निघाला आणि चिंध्या बिचाऱ्या कायमच्या बदनाम झाल्या, जणू काही मराठ्यांचे स्वार त्या चिंध्यांवर बसूनच दूरदूरच्या मुलुखगिऱ्या करून आले नव्हते! हातकागद तर चिंध्यांचाच पुनर्जन्म. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके सुती चिंध्यांचा लगदा करून कागद निघत असे, आणि १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने पुण्यात निघालेल्या हातकागद संस्थेनेही याच मार्गाचा अवलंब केला. पेशवे दफ्तरातील कागद कापडाच्या रुमालांत बांधून ठेवलेले असत आणि एका रुमालात मावतील तेवढे कागद हे मापच होऊन बसले. रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्या दफ्तरातून ४५ खंड निवडून काढले ते असे रुमाल सोडूनसोडूनच. कापडानेच कागदाचे काम करावे, याचे उदाहरण आंबेजोगाईस आहे: दासोपंतांनी (१५५१–१६१५) आपले 'पंचीकरण' सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद पासोडीवर लिहिले. पासोडी म्हणजे पांघरण्याचे जाड, दुहेरी वस्त्र. तत्त्वज्ञान पांघरून निजण्याची ही सोय दुसऱ्या कोणत्या वाङ्मयात असल्यास मला माहीत नाही.

सुईच्या या राज्यात शिंप्याचे स्थान वेगळे. नामदेव जातीने शिंपी. गुरुग्रंथसाहिबातील त्यांच्या ६१ पदांत गज, कात्री, सुई यांची रूपके आढळतात ती घरच्या धंद्यातून आलेली. परंतु शिवण घरात शिरली ती यंत्राच्या पावलांनी, आणि त्या यंत्राचा जन्म मोठ्या भांडणात झाला. बार्तेलेमी तिमोनिए या फ्रेंच शिंप्याने १८३० साली शिवणयंत्राची सनद मिळवली आणि सैन्याचे गणवेश शिवण्यास कारखाना काढला. आपली रोजी बुडणार या भयाने पॅरिसच्या शिंप्यांनी त्याची यंत्रे फोडून टाकली. १८४६ साली एलियास हाव या अमेरिकन कारागिराने नेढे सुईच्या टोकाशी ठेवून दोन धाग्यांची घट्ट टीप साधली, आणि १८५१ साली आयझॅक सिंगर याने त्यात सुधारणा करून ते यंत्र घराघरात नेले, तेही हप्तेबंदीवर. यंत्रांविषयी सर्वस्वी सावध असलेल्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात सिंगरच्या यंत्राला आवर्जून अपवाद केले, कारण बायकोचे टाके घालण्याचे कष्ट पाहून तिच्यावरील प्रेमापोटी सिंगरने ते शोधले, अशी त्यांची समजूत होती. सिंगरचे कौटुंबिक चरित्र पाहता या प्रेमकथेविषयी शंका घेण्यास पुष्कळ वाव आहे. तथापि अपवाद योग्यच होता.

महाराष्ट्रात या यंत्राने जे काम केले ते कपड्यांपेक्षा मोठे आहे. १९०९ साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन निघाले, तिथे लिहिण्या-वाचण्याबरोबर शिवणकामाचेही वर्ग चालत. आणि ज्या विधवेला सासरी-माहेरी दोन्हीकडे केवळ एक तोंड म्हणून मोजीत, तिच्या पुढ्यात यंत्र आले म्हणजे ते तोंड मिळवते झाले. माझ्या लहानपणी आळीत प्रत्येक दोन घरांआड एक यंत्र असे, त्यावर कोणा काकूंचे वा मावशींचे उपजीविकेचे हक्क असत, आणि दिवाळीच्या आधी पंधरा दिवस त्या आवाजात रेडिओ ऐकू येत नसे. हाताने सुई चालवण्याच्या सुखाविषयी लिहिताना हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल: त्यातील बहुतेकींना ते सुख म्हणून निवडण्याची मुभा नव्हती. रात्री कंदिलाच्या उजेडात काजे करणाऱ्या बाईला 'छंद' हा शब्द ऐकून हसू आले असते.

मग सुख कुठले? मी स्वतः पन्नाशीत हट्टाने शिवण शिकलो, त्या अनुभवावरून सांगतो. पहिले सुख कापड कळू लागण्याचे. उभा धागा ताणला तर दाद देत नाही, आडवा थोडा देतो आणि तिरपा तर रबरासारखा लांबतो, हे बोटांना कळते तेव्हा आपण आजवर घातलेल्या प्रत्येक कपड्याकडे नव्या नजरेने पाहू लागतो. आपल्या पूर्वजांनी बाराबंदी, अंगरखा, कुडते हे सारे शक्य तितक्या चौकोनांतून का बेतले, काखेत कळी का घातली, याचा उलगडा एक कुडते बेतल्यावर होतो. माग जे कापड देतो ते चौकोनी असते, आणि त्याला वळणदार कापू तितके तुकडे वाया. गुळेदगुड्डच्या खणाची चोळी बेतणाऱ्या बायका खणाचे काठ बाह्यांना आणि खालच्या कडेला आणतात तेव्हा त्या सौंदर्य साधतात खऱ्या, पण उसवणार नाही अशी विणलेली कड फुकट जाऊ न देण्याचा हिशेबही त्याच वेळी साधतात. दुसरे सुख आपल्या मापाचे. माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे ही गोष्ट पन्नास वर्षे कोणत्याही तयार सदऱ्याने मला सांगितली नव्हती. पहिल्याच बेताच्या वेळी टेपने सांगितली.

हल्ली या कलेला बरे दिवस आले आहेत आणि त्याबरोबर थोडे वेडही. जुन्या जीनची पिशवी करण्यासाठी नवी झिप, नवे अस्तर, नवा गोंद, नवी लेस आणि नवी कात्री विकत आणणारे उत्साही लोक मी पाहिले आहेत. पिशवी सुंदर होते, पण ती होईपर्यंत घरात जितका नवा माल शिरतो तितक्यात तीन पिशव्या विकत मिळाल्या असत्या. यापेक्षा दारावर येणाऱ्या बोहारणीचा व्यवहार अधिक स्वच्छ होता. जरीच्या साडीवर तिचा डोळा, स्टीलच्या पातेल्यावर आईचा. तासभर घासाघीस होऊन पातेले घरात येई आणि जुने कपडे तिच्या गाठोड्यातून ज्याला त्यांची गरज आहे अशा कोणाच्या तरी अंगावर जात. त्या घासाघिशीत दोन्ही पक्षांना आपणच जिंकलो असे वाटे, ही त्यातील कारागिरी.

गेल्या हिवाळ्यात माझी एक जुनी सुती चादर मधोमध विरली. दंडाची आठवण झाली. दुसऱ्या महायुद्धात, १ जून १९४१ पासून ब्रिटनमध्ये कपड्यांवर शिधाबंदी आली, माणशी वर्षाला ६६ कुपने मिळू लागली, तेव्हा तिथल्या गृहिणी विरलेल्या चादरी मधून उभ्या फाडून, कडेचे धड भाग मध्ये आणून जोडीत असत. आपल्याकडेही १९४३ साली कापडावर नियंत्रण आले आणि लुगड्यांचे दंड ज्यांनी सोडले होते त्यांनीही पुन्हा घातले. इंग्रज बाई उभी फाडते, मराठी बाई आडवी कापते, एवढाच काय तो फरक. मी इंग्रजी पद्धत पत्करली. चादर मधून उभी फाडली (फाडताना जो चर्र आवाज येतो त्यात एक अनाचाराचा आनंद आहे), दोन्ही किनारी एकमेकींस लावून टीप मारली, बाहेरच्या कच्च्या कडा दुमडल्या. दुपार गेली. बहीण आली होती, तिने चष्मा लावून शिवण पाहिली आणि म्हणाली, ''अरे, ही टीप आहे की कोयनेचा घाट?''

चादर मी वापरतो आहे. शिवण नेमकी पाठीच्या कण्याखाली येते आणि जरा टोचते. म्हणून अलीकडे मी कुशीवर निजतो.